एका ताटाचे अकरा गळ

माळ्यावरची भांडी खाली यायला सकाळी नऊला सुरुवात झाली आणि साडेदहापर्यंत पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. आज टँकरचा दिवस नव्हता, त्यामुळं सगळ्यांना वेळ होता. पुढच्या रविवारी धाकट्या बिभीषणचं बिऱ्हाड वाळूजकडच्या फ्लॅटमध्ये जायचं होतं, आणि इतकी वर्षं एका चुलीवर चाललेल्या चिकलठाण्यातल्या या घराची भांडी दोन ढिगांत पडायची होती.

वाटणीचा नियम सुगंधाबाईंनी घातला होता. त्या थोरल्या त्रिंबकच्या बायको, तेव्हा नियम घालायचा मान त्यांचाच. भांड्यावर ज्याच्या लग्नाचं नाव कोरलेलं, भांडं त्याचं. नाव झिजून गेलं असेल तर ज्याची नजर त्यावर जास्त रेंगाळेल, त्याचं. दुसऱ्या कलमावर कुणीच विश्वास ठेवला नव्हता, पण विरोधही केला नव्हता.

नावं वाचायचं काम दिपालीकडं होतं. ही बिभीषणची मुलगी. वाळूजच्या एका कारखान्यात तयार माल तपासायच्या कामावर होती, आणि फ्लॅटही तिनंच घेतला होता. ती स्टुलावर बसून एकेक भांडं उजेडाकडं धरून वाचत होती.

"'चि. त्रिंबक यांस आप्पासाहेबांकडून.' परात. मोठ्या घराची."

"ती परात रोज मी वापरते," आवडाबाई म्हणाली. आवडाबाई दिपालीची आई, सुगंधाबाईंची धाकटी जाऊ.

"वापर की," सुगंधाबाई म्हणाल्या. "नाव माझ्या मालकाचं, पीठ तू मळायचं. लग्न होऊन आलीस तवापासून हेच चाललंय."

"मग मळणाऱ्याला द्यावी परात."

"आन् नावाला काय द्यावं?"

"नावाला भाकरी मिळते की आयती."

शीला हसली. ती सुगंधाबाईंची सून, आणि दोन सासवांच्या मध्ये बसायचं कसब तिला पंधरा वर्षांत चांगलं साधलं होतं. भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "आत्या, चमचे मोजले का? डझनातले पाचच राहिलेत."

"मागच्या खोलीत असतील," सुगंधाबाई म्हणाल्या. "शेपटीला गळ लावून."

मागची खोली म्हणजे परसातली पत्र्याची खोली. सुखना धरणात पाणी असताना दोघे भाऊ दर रविवारी मासे धरायला जात. मोठा बेत असला की पैठणला नाथसागरावर. आता सलग तिसरा उन्हाळा कोरडा चालला होता. सुखन्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि नाथसागरात जे उरलं होतं ते शहराला प्यायला पुरत नव्हतं. पाणी नाही म्हणून भाऊ थांबले असं मात्र झालं नाही. पाणी येईल तेव्हा तयारी असावी, म्हणून ते साहित्य बनवत राहिले. कडब्याच्या भेंडाची तरंगणारी बुचं केली आणि शीलाच्या नेलपॉलिशनं ती लाल रंगवली. सायकलच्या हबची चरखी केली. फोडणीच्या पळीत शिसं वितळवून वजनं ओतली. त्या दिवसापासून फोडणीसाठी नवी पळी आली आणि सुगंधाबाई ती रात्री उशाशी घेऊन झोपतात, अशी गल्लीत वदंता होती. तीन उन्हाळ्यांत एवढं साहित्य साठलं की अख्ख्या नाथसागरातले मासे धरून वर थोडं उरलं असतं.

"माठा," आवडाबाई कोपऱ्यातल्या माठाकडं तोंड करून म्हणाली, "म्हणावं, चहा झालाय. पाण्यावाचून मासे धरणारांनी येऊन घ्यावा."

मागच्या दारातून त्रिंबकचा आवाज आला, "माठा, येतो म्हण."

थोरल्या दिराशी थेट बोलायचं नाही, ही रीत आता गल्लीत कुणी पाळत नव्हतं. आवडाबाई लग्न होऊन आली तेव्हा तिला सासूनं ती शिकवली. सासू गेली, रीत राहिली. अडतीस वर्षांत आवडाबाई त्रिंबकशी एक शब्द थेट बोलली नव्हती. बोलली ती माठाशी, भिंतीशी, दिपाली तान्ही होती तेव्हा दिपालीशी. त्रिंबकचा स्वभाव असा की त्याला हे सोयीचंच वाटत आलं होतं. बाकीच्यांनीही माठामार्फत बोलावं, असं त्याच्या मनात येऊन जाई.

*

आवडाबाई सकाळपासून एक पिवळं फडकं शोधत होती.

फडक्यात एक ताट होतं. जाड, जुन्या स्टीलचं, तिच्या बापानं लग्नात दिलेलं. दिपालीच्या आधी ते हाती लागावं म्हणून तिनं शिडीवर चढायचा हट्टही धरून पाहिला. पण गुडघ्याचं नाव काढून शीलानं तिला खाली बसवलं.

आवडाबाईला वाचता येत नव्हतं. तरी त्या ताटावर काय कोरलंय हे तिला माहीत होतं. निदान काय कोरलेलं नाही, ते पक्कं माहीत होतं. तिचा बाप सांडू सिल्लोडकडच्या एका खेड्यात दुसऱ्यांच्या घरी राबायचा. गावातल्या रामकिसनच्या लग्नात त्यानं तीन दिवस पाणी वाहिलं, तेव्हा त्या घरानं आहेरात आलेलं एक ताट त्याला देऊन टाकलं. पोरीच्या लग्नात सांडूनं तेच दिलं. निघताना हळूच म्हणाला, "आवडे, ह्याच्यावर नाव दुसऱ्याचं हाय. पर दिलंय म्या. कुणाला वाचू नको देऊ."

तिनं कुणाला वाचू दिलं नाही. सणावारीही काढलं नाही. जमीनजुमला असलेल्या सासरी, जिथं पातेल्याच्या झाकणावरसुद्धा नाव असे, तिथं आपल्या बापाचं नाव एकाही भांड्यावर नाही, हे तिनं त्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं होतं. आता दिपाली ते ताट उजेडाला धरणार, 'चि. रामकिसन' असं मोठ्यानं वाचणार, आणि ते कुणाचंच नाही म्हणून भंगाराच्या ढिगात टाकणार. बाप जाऊन वीस वर्षं झाली होती. नव्या घरात त्याचं काही न्यायचं तर तेवढं एकच होतं.

माळा रिकामा झाला. फडकं निघालं नाही.

"एक ताट कमी हाय," आवडाबाई म्हणाली. "माझं. पिवळ्या फडक्यातलं. बापानं दिल्यालं."

चहा प्यायला आलेल्या बिभीषणनं बशी तोंडाजवळ नेली होती. ती त्यानं तशीच खाली ठेवली आणि तो परसात निघून गेला.

*

"दादा, मेलो," बिभीषण म्हणाला.

त्रिंबक एका बुचाला दोरा गुंडाळत बसला होता. त्यानं चष्म्यावरून पाहिलं.

"मागल्या उन्हाळ्यात चमच्याच्या आकाराचे अकरा गळ केले बघ मरळीसाठी. लई चकाकणारे. त्याचा पत्रा कुठला म्हणून तू इचारलंस, तर म्या म्हणलं भंगारातला."

"बरं."

"भंगारातला नव्हता. माळ्यावर ताट होतं. फडक्यात."

त्रिंबकनं दोरा सोडला. "नाव नाही वाचलंस?"

"वाचलं म्हणून तर कापलं. 'चि. रामकिसन यांचे विवाहप्रीत्यर्थ, नानासाहेब यांजकडून.' आपल्यात रामकिसन कोण हाय? कुणाच्या तरी लग्नातून चुकून आलेलं परकं ताट, असं वाटलं. आता ही म्हणतीय, बापानं दिलं." तो कट्ट्यावर टेकला. "दादा, म्हणजे सासऱ्यानं दुसऱ्याचं ताट दिलं. तिला ठाऊक नसणार. तिला कुठं वाचता येतं."

बिभीषण आयुष्यभर कारखान्यात फिटर होता. तुटलेलं काय जोडता येतं आणि काय येत नाही याची त्याला चांगली समज होती.

"रामकिसनचं तिला सांगायचं नाही," त्रिंबक म्हणाला.

"न्हाईच. पण मग कामून कापलं म्हणून सांगू? रविवारी तिच्यासंगं नव्या घरात जायचंय. तिथं मधी बोलायला माठसुद्धा न्हाई."

त्रिंबक त्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होता. त्याला वाचायचं वेड. शेंगदाण्याच्या पुडीचा कागद तो आधी वाचायचा, मग टाकायचा. वाचनानं आपल्याला काही कळतं की नुसती सवय लागली आहे, याबद्दल मात्र त्याला कायम शंका असे. तरी आता त्याला एक युक्ती सुचली आणि सुचली म्हणूनच तो घाबरला.

"मी कापलं म्हणतो," तो म्हणाला.

"तू?"

"ती माझ्याशी बोलत नाही. तुझ्यावर चिडली तर वर्षभर ऐकवील. माझ्यावर चिडली तर तो राग जाईल कुठं? बोलायचीच सोय नाही. जागच्या जागी विरून जाईल."

बिभीषणनं विचार केला. त्याला त्यात खोट दिसेना. इतकी पुस्तकं वाचलेला माणूस माणसांच्या बाबतीत इतका कच्चा असेल, हे त्याला तेव्हा सुचलं नाही.

*

त्रिंबकनं दारात उभं राहून, कुणाकडंही न बघता सांगितलं की ते ताट त्याच्या हातून कापलं गेलं. गळासाठी. नाव वाचायचं राहून गेलं. चूक झाली.

राग विरला नाही. त्याला जायला वाट होती, ती त्रिंबकच्या हिशेबातच आली नव्हती.

"अक्का," आवडाबाई सुगंधाबाईंकडं वळली, "म्हणावं त्यांना, दुसऱ्याच्या माहेराला कात्री लावताना आपली चाळीस ताटं न्हाई दिसली का."

"मला कामून म्हणतीस?"

"मग कुणाला म्हणू? माठाला?"

"इतकी वर्षं म्हणलीसच की माठाला."

"अक्का, पळी गेली तवा तुम्ही घर डोक्यावर घेतलं. माझं ताट गेलं तर चूक झाली म्हणायचं आन् चहा प्यायचा."

सुगंधाबाईंना नवऱ्याच्या या कारखान्याचा मनापासून कंटाळा होता, पण नवऱ्याला बोलायचा हक्क त्या कुणाला द्यायला तयार नव्हत्या. "त्यांनी काय एकट्यानं कापलं असंल? तुझा नवरा बी त्याच खोलीत बसतो सकाळपसून."

"माझ्या नवऱ्याचं नाव घ्यायचं काम न्हाई."

"धाकट्या आत्यांचं बरोबर आहे," शीला म्हणाली. "माझं नेलपॉलिशही असंच गेलं."

"तू गप," दोघी जावा एकदम म्हणाल्या. तेवढ्यापुरतं त्यांचं पटलं, आणि लगेच पुन्हा फाटलं.

"एका ताटासाठी एवढं?" सुगंधाबाईंचा आवाज आता वेगळा होता. "तर घेऊन जा सगळीच. परात घे, हंडे घे. नाव बघू नको कुणाचं. रिकामं घर ठेव मला."

"मला तुमचं काही नको. मी माझं मागितलं."

दिपालीनं हातातला तांब्या खाली ठेवला. सकाळपासून चाललेली गंमत संपली होती, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. आता आणखी एक वाक्य कुणी बोललं असतं, तर पुढच्या रविवारी टेम्पो आला असता आणि कुणी कुणाला निरोप दिला नसता.

त्रिंबकला हे सर्वांत आधी कळलं. आपण काहीतरी बोलावं असं त्याला वाटलं. पण तो दाराच्या चौकटीचा रंग नखानं खरवडत राहिला.

आवडाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. ती माठाकडं वळली नाही, भिंतीकडंही नाही.

"दादा," ती म्हणाली.

शीलाच्या हातातलं फडकं पातेल्यात तसंच राहिलं.

"दादा, तुम्ही शेंगदाण्याच्या पुडीचा कागद वाचल्याबिगर टाकत न्हाई. लायटीच्या बिलामागची बारीक अक्षरं वाचता. आन् ताटावरचं नाव न वाचता ताट कापलं? मला काय खुळी समजता?"

अडतीस वर्षं ज्या आवाजानं फक्त माठाला निरोप दिले, तो आवाज त्याच्याकडं तोंड करून उत्तर मागत होता.

"नाही," तो म्हणाला.

"मग कुणी कापलं?"

"म्या," बिभीषण मागून म्हणाला. "दादाला उगाच मधी घालू नको. म्या कापलं."

"वाचलं न्हाई?"

"चष्मा नव्हता."

आवडाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. पंचवीस वर्षं गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवरचे आकडे उभ्या उभ्या वाचणारा हा माणूस. चष्मा त्याला गेल्या दिवाळीत लागला. ताट कापलं त्या उन्हाळ्यात चष्मा कुठला असणार. म्हणजे त्यानं वाचलं. वाचलं आणि म्हणूनच कापलं. आणि आता तो तिच्यापासून तिच्याच बापाची गोष्ट लपवत उभा होता, ओशाळा, शिंगरासारखे कान पाडून. थोरले दीरही त्यासाठीच खोटं बोलले असणार.

तिला दोघांचं हसू आलं आणि ते तिनं दिसू दिलं नाही.

"आणा ते गळ," ती म्हणाली. "सगळे."

*

बिभीषणनं डबा आणला. एकेक चमचा त्यानं जमिनीवर ठेवला. मधून खोलगट, दोन्ही टोकांना भोक, एका टोकाला तीनतोंडी गळ. बाहेरची बाजू घासून आरशासारखी केलेली. आतली बाजू तशीच, टिंबाटिंबांची अक्षरं असलेली. तीन वर्षं धरणात पाणी नव्हतं, त्यामुळं अकरापैकी एकही कधी भिजला नव्हता.

दिपालीनं सवयीनं एक उचलून पाहिला. "बाबा, दोन चमच्यांत तीन मिलीमीटरचा फरक आहे. आमच्याकडं हा माल परत गेला असता."

"मरळ मापं घेत न्हाई," बिभीषण पुटपुटला.

"लाव ते नीट, जसं ताट होतं तसं," आवडाबाई म्हणाली. "आन् वाच. काय लिहिलंय ते मला एकदा ऐकू दे."

हे ती का म्हणाली, तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. लपवून लपवून ती दमली होती. पहिल्यांदाच घरातल्या सगळ्यांसमोर ते वाचलं जाणार असेल तर जाऊ दे, एकदाचं होऊन जाईल. रामकिसन तर रामकिसन.

दिपालीनं चमचे जुळवायला सुरुवात केली. अक्षरं तुटलेली होती, पण जुळत होती. 'राम' एका चमच्यावर, 'किसन' दुसऱ्यावर. तिच्या कपाळावर आठी पडली. तिनं वर पाहिलं आणि तोंड उघडलं.

"थांब," त्रिंबक म्हणाला. "मी वाचतो."

तो गुडघ्यावर हात ठेवून, वेळ लावत खाली बसला. चष्मा पुसला. अक्षरं स्वच्छ दिसत होती, हीच अडचण होती. जे लिहिलेलं नाही ते आजवर त्यानं कधी वाचलं नव्हतं. शाळेत एक ओळ गाळून वाचली म्हणून त्याला रात्रभर झोप लागली नव्हती. आपल्याला हे जमणार नाही, आवाज कापेल, आणि सगळ्यांना कळेल, अशी त्याची खात्री होती. दिपाली त्याच्या खांद्यावरून वाकली होती. तिनं तर वाचलंच होतं.

त्यानं पहिल्या चमच्यावर बोट ठेवलं.

"चि. सौ. कां. आवडा हिस," तो म्हणाला. आवाज कापला. बोट पुढं सरकलं, 'राम' वरून, 'किसन' वरून. "वडील सांडू यांजकडून. विवाहप्रीत्यर्थ."

बिभीषण छताकडं बघत होता.

आवडाबाई त्या बोटाकडं बघत होती. हे तिथं लिहिलेलं नाही, हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण त्या सासरच्या घरात, सुगंधाबाईंसमोर, परातीसमोर आणि नाव घातलेल्या त्या सगळ्या भांड्यांसमोर तिच्या बापाचं नाव पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्यानं वाचलं होतं. आणि तेही ज्याच्या वाचण्यावर घरात कुणी शंका घेत नसे, त्यानं.

तिनं पदर सावरला.

"दादा," ती म्हणाली, "पुन्हा वाचा."

त्रिंबकनं घाबरून तिच्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून त्याला काहीच कळलं नाही. माणसांचे चेहरे त्याला कधी वाचता आले नव्हते.

"चि. सौ. कां. आवडा हिस," त्यानं पुन्हा सुरू केलं. या वेळी आवाज जरा कमी कापला. "वडील सांडू यांजकडून."

"मोठेबाबा, तालुका राहिला," दिपाली म्हणाली. तिनं वाकून शेवटच्या चमच्यावर, जिथं एकही अक्षर नव्हतं तिथं, बोट टेकवलं. "हे काय इथं. तालुका सिल्लोड."

"व्हय की," त्रिंबक म्हणाला. "राहिलाच." आणि त्यानं तिसऱ्यांदा, पहिल्यापासून, तालुक्यासकट वाचलं.